ऑक्सफर्ड पाहताना जोगेश्वरीची टेकडी आठवली

मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या कुटुंबाची पाहण्याची यादी बहुधा ठरलेली असते. बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम राजवाडा, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि शेवटचे दोन दिवस खरेदी. ऑक्सफर्डचे नाव यादीत असलेच, तर त्यापुढे 'अर्ध्या दिवसात उरकेल' असा शेरा असतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जोगेश्वरीहून निघालो, तेव्हा मात्र एक अख्खा दिवस ऑक्सफर्डसाठी राखून ठेवला होता. मुलीची दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. पुढे कुठे, काय, याची चर्चा घरात रोज चालू होती. शिक्षणासाठी वसलेले शहर कसे असते, ते तिने एकदा डोळ्यांनी पाहावे असे आम्हा दोघांना वाटत होते. धाकटा सातवीत. त्याला फक्त हॅरी पॉटरच्या चित्रपटातला जिना पाहायचा होता.

लंडनला आमचे मामू राहतात. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून ते बोटीवर नोकरीला गेले आणि पुढे तिथेच स्थिरावले. पॅडिंग्टन स्टेशनवरून सकाळच्या गाडीने ते आम्हाला घेऊन निघाले. साधारण तासाभराचा प्रवास. ऑक्सफर्डला उतरून पंधरा मिनिटे चालले की आपण जुन्या शहराच्या मध्यभागी पोहोचतो.

विद्यापीठाचे गेट कुठे आहे?

धाकट्याचा पहिला प्रश्न हाच होता. आणि गंमत म्हणजे त्याला उत्तर नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाला एक गेट नाही, एक आवार नाही. शहरभर विखुरलेली तीसहून अधिक कॉलेजे आहेत. प्रत्येक कॉलेजला स्वतःचा दरवाजा, आतले चौकोनी हिरवळीचे अंगण, प्रार्थनागृह, भोजनगृह, ग्रंथालय आणि स्वतःची मालमत्ता. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम. विद्यार्थ्याला राहायला जागा देणे, जेवू घालणे आणि दोघा-तिघांना समोर बसवून शिकवणे हे कॉलेजचे काम. आपल्या मुंबई विद्यापीठाची कॉलेजेही चर्चगेटपासून बोरिवली-मुलुंडपर्यंत पसरली आहेत, पण आपली मुले लोकलने जातात आणि लोकलने घरी येतात. तिथे मूल कॉलेजातच राहते आणि ते कॉलेज त्याचे घर होते.

विद्यापीठ नेमके कधी सुरू झाले, ते कोणी सांगू शकत नाही. १०९६ च्या सुमारास तिथे शिकवले जात होते, एवढे नक्की. युनिव्हर्सिटी कॉलेज १२४९ चे, बॅलियल १२६३ चे, मर्टन १२६४ चे. तेव्हा दिल्लीत गुलाम घराण्याचे सुलतान होते आणि आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते.

आम्ही गेलो तो मे महिन्याचा शेवटचा आठवडा, म्हणजे तिथल्या परीक्षांचे दिवस. रस्त्यावर काळे झगे घातलेली मुले-मुली लगबगीने चालत होती. प्रत्येकाच्या छातीवर कार्नेशनचे एक फूल. पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्या पेपरला लाल. आमची मुलगी लाल फुलवाल्यांचे चेहरे बघत उभी राहिली. नुकतेच स्वतःचे पेपर देऊन आलेली ती, तिला ते चेहरे वाचता येत होते.

साडेसातशे वर्षांची देणगी

मर्टन कॉलेजच्या अंगणात फार थोडी गर्दी होती. क्राइस्ट चर्चसमोर पर्यटकांची रांग लागते, इकडे तितके कोणी येत नाही. आम्हाला मात्र हे कॉलेज सर्वांत जास्त पाहण्यासारखे वाटले. इथले ग्रंथालय चौदाव्या शतकातले आहे आणि तेव्हापासून आजवर ते वापरात आहे. जुन्या काळी पुस्तके इतकी मोलाची होती, की ती साखळीने फळीला बांधून ठेवत.

पण आम्हाला थांबवले ते दगडांपेक्षा या कॉलेजच्या जन्मकथेने. वॉल्टर डी मर्टन हा इंग्लंडच्या राजाचा मोठा अधिकारी. त्याने सरे परगण्यातील माल्डन आणि फार्ली या दोन ठिकाणची आपली जमीनदारी विद्यार्थ्यांच्या निर्वाहासाठी कायमची लावून दिली. जमिनीचे उत्पन्न शिकणाऱ्यांवर खर्च व्हावे, मूळ जमीन विकली जाऊ नये, कारभार कसा चालावा याचे नियम लेखी असावेत, अशी ती व्यवस्था होती.

वाचकांना हे ओळखीचे वाटेल. मूळ राखून ठेवा आणि उत्पन्न भल्या कामाला लावा, हाच तर वक्फचा नियम. खैबरच्या जमिनीबाबत हजरत उमर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) जो सल्ला दिला, तिथपासून तो सांगितला जातो. मोनिका गौडिओसी या अभ्यासक महिलेने १९८८ मध्ये अमेरिकेतील एका कायदाविषयक नियतकालिकात मर्टनचेच उदाहरण घेऊन एक लेख लिहिला. इंग्लंडमधील ट्रस्टची कल्पना क्रुसेडच्या काळात पूर्वेकडील वक्फच्या पद्धतीवरून आली असावी, अशी तिची मांडणी आहे. सर्व इतिहासकारांना ती मान्य नाही आणि आम्हीही ती सिद्ध झाली आहे असे म्हणणार नाही. पण साम्य कोणालाही दिसेल असे आहे. मोरोक्कोतील फेज शहरात फातिमा अल-फिहरी या महिलेने ८५९ मध्ये वारशाच्या पैशातून करवियीन मशीद उभारली असे परंपरा सांगते. पुढे त्या मशिदीचे जगप्रसिद्ध विद्यापीठ झाले. ज्ञानासाठी दिलेला पैसा देणाऱ्याच्या मागे शेकडो वर्षे काम करत राहतो. मर्टनच्या हिरवळीवर उभे राहिल्यावर 'सदका-ए-जारिया' हा शब्द आम्हाला नव्याने कळला.

राजालाही पुस्तक मिळाले नाही

बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये सुरू झाले. सर थॉमस बॉडली या निवृत्त मुत्सद्द्याने आपला पैसा आणि उरलेले आयुष्य त्यात घातले. १६१० मध्ये त्याने लंडनच्या छापणाऱ्यांच्या संघटनेशी करार केला, की छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे यावी. आज तिथल्या छापील संग्रहाची मोजदाद कोटीच्या पुढे गेली आहे.

या ग्रंथालयाचा नियम कडक. पुस्तक इथेच बसून वाचायचे, बाहेर न्यायचे नाही. आत दिवा किंवा आग आणणार नाही, अशी प्रतिज्ञा वाचकाला आजही करावी लागते. १६४५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवले. ग्रंथपालाने नियमांची वही पुढे केली आणि राजाने आपली मागणी मागे घेतली. पुढे राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेललाही तेच उत्तर मिळाले, आणि त्यानेही ते मानले. मामू हसून म्हणाले, "आपल्याकडे साहेबाच्या मेव्हण्यालाही नाही म्हणता येत नाही." हसण्यावारी गेले, पण गोष्ट हसण्याची नाही. संस्था टिकते ती अशा एका माणसाच्या 'नाही'मुळे.

याच ग्रंथालयात अरबी आणि फारसी हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. एडवर्ड पोकॉक हा सीरियातील अलेप्पो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांचा धर्मोपदेशक म्हणून राहिला. तिथे तो अरबी शिकला, त्याने हस्तलिखिते जमवली आणि १६३६ मध्ये ऑक्सफर्डचा पहिला अरबी प्राध्यापक झाला. त्याची शेकडो हस्तलिखिते पुढे बॉडलियनने विकत घेतली. त्याच्या मुलाने अंदलुसचे तत्त्वज्ञ इब्न तुफैल यांच्या 'हय्य इब्न यक्झान' या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १६७१ मध्ये ऑक्सफर्डमधून छापले. निर्जन बेटावर एकटा वाढलेला एक मुलगा केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सत्यापर्यंत कसा पोहोचतो, त्याची ती कथा. युरोपभर ती वाचली गेली.

नमाजाची वेळ सांगणारी पितळी तबकडी

ब्रॉड स्ट्रीटवर विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ही इमारत १६८३ ची, खास संग्रहालयासाठी बांधलेली. प्रवेश विनामूल्य आहे. मुले बरोबर असतील, तर हे ठिकाण चुकवू नका.

उस्तुरलाब, म्हणजेच ॲस्ट्रोलेब या यंत्राचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. तळहाताएवढी पितळी तबकडी, तिच्यावर कोरलेले तारे आणि वर्तुळे. तिच्या मदतीने सूर्याची उंची मोजून वेळ काढता येई, नमाजाच्या वेळा ठरवता येत, किब्ल्याची दिशा शोधता येई. इस्फहानच्या मुहम्मद बिन अबी बक्र याने १२२१-२२ मध्ये बनवलेले एक यंत्र इथे आहे. त्याच्या पाठीमागे दातेरी चाके आहेत आणि ती फिरवली की चंद्राच्या कला दिसतात. चेंडूसारखा गोल उस्तुरलाबही इथे आहे, हिजरी ८८५ चा. त्या प्रकारचा दुसरा पूर्ण नमुना जगात माहीत नाही. लाहोरच्या कारागिरांनी केलेली यंत्रेही आहेत. तळमजल्याखालच्या दालनात आइन्स्टाइनने १९३१ मध्ये व्याख्यान देताना लिहिलेला फळा तसाच जपून ठेवला आहे. धाकटा हॅरी पॉटर विसरून त्या चाकांसमोर अर्धा तास उभा होता. (जिना नंतर पाहिला. तो क्राइस्ट चर्चमध्ये आहे.)

बाहेर आल्यावर मामूंनी कॉफी पाजली. इंग्लंडमधले पहिले कॉफीगृह १६५० च्या सुमारास याच शहरात निघाले. येमेनमध्ये सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला जो कहवा पीत, तो असा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचला.

"इथे आपल्यासारखे कोणी शिकले आहे का?"

हा प्रश्न मुलीने टर्ल स्ट्रीटवर विचारला, अगदी हळू आवाजात. दिवसभर तिने सुंदर दरवाजे पाहिले होते आणि बऱ्याच दरवाजांवर 'फक्त सदस्यांसाठी' अशी पाटी होती. ज्या मुलीला स्वतःच्या प्रवेशाची चिंता आहे, तिला ती पाटी आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली तर नवल नाही.

नशिबाने आम्ही नेमके लिंकन कॉलेजच्या दारात उभे होतो. १४२७ चे हे कॉलेज. खिलाफत चळवळीचे नेते मौलाना मुहम्मद अली जौहर अलिगढहून येऊन इथेच इतिहास शिकले. भायखळ्याचे खिलाफत हाऊस ज्या चळवळीची आठवण सांगते, तिचे हे नेते. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचा आणखी एक मुलगा याच कॉलेजात आला, महंमद करीम छागला. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे कायम नेमणूक झालेले पहिले भारतीय मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६३ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री.

आणि मुलींचे काय? कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात आल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ उजाडले, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हते. मुंबईने मुलीला पदवी दिली, तेव्हा ऑक्सफर्डचा दरवाजा अर्धाच उघडलेला होता. हे ऐकून मुलीचा चेहरा खुलला.

ओळखीची कमान, कुर्ल्याचा दगड

टर्ल स्ट्रीटवरच, लिंकनला लागून एक्झेटर कॉलेज आहे. त्याचे उंच टोकदार प्रार्थनागृह पाहून कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते. त्यात आश्चर्य नाही. ते बांधणारा वास्तुशिल्पी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यानेच मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील इमारतींचे आराखडे काढले. तो स्वतः मुंबईला कधीच आला नाही, नकाशे तेवढे आले. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले. ग्रंथालय आणि मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. २८० फुटांचा हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्यासाठी पिवळसर दगड कुठून आणला? आपल्या कुर्ल्याहून. ओव्हल मैदानाभोवतीच्या या इमारतींना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे.

नाते उलट दिशेनेही आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका जुन्या इमारतीच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती दिसतो. ही पूर्वीची इंडियन इन्स्टिट्यूट. ती उभारणारे संस्कृतचे प्राध्यापक मोनियर विल्यम्स यांचा जन्म १८१९ मध्ये मुंबईतच झाला होता.

जेवण, नमाज आणि रात्रीचे नऊ पाच

जाणाऱ्यांसाठी थोडी उपयोगाची माहिती. कॉलेजे पाहण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात. काही ठिकाणी तिकीट आहे, काही ठिकाणी नाही, आणि परीक्षांच्या दिवसांत काही दरवाजे बंद असतात. आदल्या दिवशी चौकशी करावी. शहर पायी फिरण्याचे आहे, तेव्हा चांगले बूट आणि छत्री हवीच. मॉडलिन पूल ओलांडून काउली रोडला लागले की हलाल जेवणाची ठिकाणे भरपूर आहेत. तिथेच मन्झिल वे नावाच्या गल्लीत मशीद आहे. आम्ही जुहर तिथे अदा केली. नमाजानंतर बांगलादेशी, पाकिस्तानी आणि अरब विद्यार्थी पायऱ्यांवर बोलत उभे होते. मार्स्टन रोडवर इस्लामी अध्ययन केंद्र आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या नव्या इमारतीला घुमट आहे, मिनार आहे आणि बाजूच्या कॉलेजांसारखेच दगडी अंगणही आहे.

मेअखेरीस तिथे सूर्य नऊनंतर मावळतो. त्यामुळे मगरिबच्या आधी आम्हाला क्राइस्ट चर्चची घंटा ऐकता आली. टॉम टॉवरमधली ही घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके देते, कॉलेजच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या संख्येइतके. नऊ पाच अशासाठी, की ऑक्सफर्डचे जुने स्थानिक घड्याळ लंडनच्या पाच मिनिटे मागे होते. देशाचे घड्याळ एक झाले, तरी घंटेने आपली वेळ सोडली नाही. मुंबईनेही १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' जपला होता, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटे मागे. आमच्या आजोबांच्या तोंडी तो शब्द शेवटपर्यंत होता.

आपल्या दारातली टेकडी

परतीच्या बसमध्ये मुलीने मर्टनचा विषय पुन्हा काढला. "अब्बा, आपल्याकडे असे कोणी दिले आहे का?"

दिले आहे. आणि ते आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. अंधेरी तालुक्यात जोगेश्वरीच्या टेकडीवर, द्रुतगती महामार्गाला लागून, झाडांत लपलेले इस्माईल यूसुफ कॉलेज. जहाज व्यवसायातील सर मोहम्मद यूसुफ यांनी आपले वडील हाजी इस्माईल यूसुफ यांच्या स्मरणार्थ दिलेल्या आठ लाख रुपयांच्या देणगीतून ते उभे राहिले. १९३० मध्ये ते सुरू झाले, तेव्हा उपनगर म्हणजे भातखाचरे, ताडाची झाडे आणि मधूनच एखादी आगगाडी. मुस्लिम समाजातील मुलांना उच्च शिक्षण मिळावे, अरबी-फारसीचा अभ्यास व्हावा, हा देणाऱ्याचा हेतू होता. कारभार सरकारचा आणि दरवाजा सर्वांना खुला. उपनगरातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्या टेकडीवरून खाली उतरला आहे.

आपण त्या टेकडीखालून रोज बसने जातो. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना बोट दाखवून सांगितले, की हे कोणी दिले आणि कोणासाठी दिले?

ऑक्सफर्डचा दगडही झिजतो. हेडिंग्टनच्या खाणीतला मऊ दगड पापुद्र्यांसारखा सुटत गेला आणि कित्येक भिंतींचा दर्शनी भाग विसाव्या शतकात नव्याने बसवावा लागला. म्हणजे तेथील वैभव एकदाच बांधून झालेले नाही. दर पिढीने हिशेब ठेवला, छप्पर दुरुस्त केले, राजाला पुस्तक नाकारले, म्हणून ते उरले. देणारे आपल्याकडेही कमी नव्हते आणि आजही नाहीत. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांतून किती पैसा निघतो, ते आपण जाणतो. पण बहुतेक ठिकाणी जूनमध्ये फीसाठी धावाधाव होते, जो मागेल त्याला दिले जाते आणि पुढच्या जूनमध्ये पाटी पुन्हा कोरी. राखण्याची सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

परत आल्यावर आम्ही भावंडे आणि चुलत भावंडे एका रविवारी बसलो. जकातीचा हिशेब जकातीच्या नियमाने वेगळा ठेवला. त्याखेरीज प्रत्येकाने जमेल तेवढी रक्कम घालून कुटुंबातल्या आणि मोहल्ल्यातल्या मुलांच्या कॉलेजसाठी एक छोटा निधी केला. नियम तीनच. मुळाला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न खर्च करायचे. ते शरियतला धरून मिळालेले असावे, म्हणून ती रक्कम एका गाळ्याच्या भाड्यात गुंतवली. आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर, मुलांसमोरही, हिशेब वाचायचा. रक्कम सांगण्यासारखी मोठी नाही. पण वही घातली आहे आणि ती मुलीच्या हस्ताक्षरात आहे.

तुमचा इंग्लंडला जाण्याचा योग येईल तेव्हा ऑक्सफर्ड जरूर पाहा, आणि सावकाश पाहा. तोवर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन चर्चगेटला उतरा आणि ओव्हलवरून राजाबाई मनोरा दाखवा. हा कुर्ल्याचा दगड आहे, हे सांगा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची अंजुमन-ए-इस्लामची इमारत दाखवा. ती संस्था १८७४ मध्ये बदरुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, हेही सांगा. आणि येताना जोगेश्वरीला उतरून, फाटकावर परवानगी घेऊन, टेकडी चढा. चढण फार नाही. निकाल लागल्यावर आमच्या मुलीने अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पहिल्या पसंतीला त्याच टेकडीवरच्या कॉलेजचे नाव लिहिले. आता ती रोज ती चढण चढते.